लग्नाची पंगत आणि तिचा हिशेब



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. कोणी संतवाङ्मयावर बोलावे, कोणी अर्थकारणावर, कोणी आकाशातल्या ग्रहांवर. अशा जागी माझ्यासारख्या दहावी नापास माणसाने उभे राहावे आणि विषय काय, तर लग्नातले जेवण! चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा मी कामगार कायद्यांवर काही बोलावे अशी होती. मी विषय लिहून कळविला, तेव्हा चिटणीसांचा फोन आला. त्यांना वाटले, माझ्या अक्षरामुळे वाचण्यात काही चूक झाली असावी. चूक झालेली नाही.

सत्तावीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. किती संप केले आणि किती करार केले ते मला सांगता येईल. पतपेढीच्या कर्जाचे अर्ज किती लिहून दिले ते मात्र सांगता येणार नाही. त्या अर्जावर 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. आजारपण, घरदुरुस्ती, मुलांचे शिक्षण ही कारणे वर्षभर असतातच. परंतु तुळशीचे लग्न आटोपले, की त्या रकान्यात एकच शब्द येऊ लागतो. मुलीचे लग्न, बहिणीचे लग्न, पुतणीचे लग्न. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढावयाची तरी कारण तेच. नीट खोदून विचारले तर सोन्याच्या खालोखाल आकडा निघतो तो जेवणाचा. तीन वर्षे भांडून मिळविलेली पगारवाढ एका दुपारी पानावरून उठून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग हा कामगार चळवळीचा विषय नव्हे, असे कसे म्हणता येईल?

आता आपण म्हणाल, हा गृहस्थ साधेपणाने लग्ने करा असा उपदेश करणार. तो उपदेश माझ्याहून फार मोठ्या माणसांनी केलेला आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले सत्यशोधक लग्न लावले, ते भटजीवाचून आणि थोडक्या खर्चात. त्याच समाजातले नारायण मेघाजी लोखंडे पुढे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी झाले. म्हणजे लग्नाचा खर्च आणि कामगारांची संघटना हे दोन विषय आपल्याकडे एकाच घरात वाढलेले आहेत. त्या परंपरेपुढे मी मान वाकवितो. तरीसुद्धा खरे सांगावयाचे तर मला पंगत आवडते. माणसे जमावीत, पानावर बसावीत, वाढप्याने वाकून आग्रह करावा, हे मला आवडते. गरिबाच्या आयुष्यात दोनशे माणसे त्याच्या दारात त्याच्यासाठी येतात असे प्रसंग किती? तेव्हा पंगत बंद करा असे मी म्हणणार नाही. पैसा अपुरा असेल तेव्हा कात्री कशाला लावावी, पदार्थांना की माणसांना, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला एका बाईने शिकविले, म्हणून आधी तिची हकीकत सांगतो.

माझे वडील मुंबईला गिरणीत साचेखात्यात होते. परळला गाववाल्यांची एक खोली. तीत पाळीपाळीने बारापंधरा गडी निजत. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. एखादी बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरावीस गड्यांना दोन वेळा जेवू घाली, आणि पगार झाला की महिन्याचे पैसे एकदम घेई. वडील जिच्याकडे जेवत तिला सगळे मावशी म्हणत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार बंद झाला, भूक काही बंद झाली नाही. मावशीने मात्र कोणाचे ताट थांबविले नाही. वडील एप्रिलपर्यंत मुंबईत राहिले, सभांना आणि मोर्च्यांना गेले, आणि तिच्याकडे उधारीवर जेवले. मग गावी आले, कारण माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न त्याच वैशाखात ठरलेले होते. सुपारी संपाच्या आधीच फुटलेली. मागे फिरणे नव्हते.

आमचे गाव येथून काही मैलांवर, नीरा उजव्या कालव्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे पाणी डोळ्यांना दिसते, रानात येत नाही, अशा जागी. वडिलांनी वहीच्या पानावर यादी केली: जिलेबी, बुंदी, पुरी, मसालेभात, शाकभाजी, मठ्ठा. माणूस सहाशे. पैशांसाठी एका सावकाराशी बोलणे झाले होते. व्याज शेकडा किती ते मी सांगत नाही. ऐकून आज रात्री आपल्याला जेवण जाणार नाही.

लग्नाला आठ दिवस असताना दुपारच्या एस. टी.ने मावशी आली. आमंत्रणावरून नव्हे, वसुलीला. तिचे जेवणारे गावोगाव पांगले होते आणि ती एकेकाचे गाव शोधीत सातारा जिल्हा फिरत होती. अंगणात रचलेली लाकडे आणि वाळत घातलेले गहू पाहिले आणि तिला सर्व समजले. आईने पाणी दिले, यादी सांगितली. मग मावशीने वडिलांना परड्यात बोलाविले. मी तेव्हा बारा वर्षांचा. कुडाच्या अलीकडे उभा होतो.

ती म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं माझं तीन महिन्यांचं येणं हाय. ते मी आज मागत न्हाई, पोरीचं लगीन हाय. पर माझ्या पैशाची जिलेबी हुयाची न्हाई."

वडील तापट होते. मोर्च्यात पुढे चालणारा माणूस. "मावशी, माझ्या दारात येऊन मला शिकवताय?" म्हणाले.

"शिकवत न्हाई. सावकाराकडं जाऊ नगा. चूल मी पेटवते. मानसं किती, त्येवढं सांगा."

"सहाशे."

"सहाशे कुठलं? ह्या साली मुंबई घरी हाय, भाऊ."

हे वाक्य मी पुढे अनेकांना सांगितले आहे, आणि दरवेळी त्याचे नवल वाटते. एरवी आमच्याकडच्या लग्नाला निम्मे कर्ते पुरुष येत नसत. ते मुंबईला पाळीवर असत. त्या वर्षी संपामुळे सगळ्या गावांतले सगळे गडी घरी होते, आणि कोणाला काही काम नव्हते. घरटी दोन माणसे धरावयाची तेथे चार येणार होती. वडिलांना ही गोष्ट सुचली नाही. सुचली ती रोज वीस ताटे मोजणाऱ्या बाईला. तिने साडेआठशे माणूस धरले. म्हणजे माणसे वाढली, आणि पैसा होता त्याहून कमी करावयाचा होता.

तिने माणसांना हात लावला नाही. यादी हातात घेतली. पुरी काढली, साडेआठशे माणसांना पाच पाच म्हटल्या तरी चार हजारांवर पुऱ्या, त्यांना तेलाचे डबे आणि लाटायला अर्धा दिवस दहा बाया. जिलेबी काढली; तिला शहरातून कारागीर आणावा लागतो. बुंदी आणि मठ्ठा काढला. ठेवले काय? खपल्याची खीर, भात, आमटी आणि वांगी-बटाट्याची शाकभाजी. गहू घरचे. गूळ माझ्या मामाच्या गुऱ्हाळाचा. विकत घेतले ते तांदूळ, डाळ, भाजी आणि तेल. पन्नास किलो गहू, जवळजवळ तितकाच गूळ, तीस किलो डाळ, शंभर-एकशेदहा किलो तांदूळ. पैकी वीस किलो तांदूळ तिने वेगळा काढून पोत्याचे तोंड शिवून टाकले, आणि मी सांगेपर्यंत उसवायचे नाही असे बजावले.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी खिरीबद्दल दोन शब्द. गहू सडून रात्रभर भिजत घालावे लागतात आणि पहाटे दोनला चुलीवर चढवावे लागतात. ते बोटाने दाबले तर पूर्ण मऊ लागल्यावाचून गूळ घालावयाचा नाही. आधी गूळ पडला की गहू टणक राहतो, मग तुम्ही दुपारपर्यंत शिजवा. आणि दूध खिरीत ओतावयाचे नाही. गूळ गरम असला की दूध फाटते. ते पानावर वरून द्यावयाचे. मावशी रात्रभर त्या काहिलीशी उभी होती.

दुपारी पंगती बसल्या. पहिल्याच पंगतीला व्याह्यांच्या एका भाऊबंदाने, "पहिल्या लेकीचं लगीन, आन् खीर?" असे सर्वांना ऐकू जाईल असे विचारले. वडिलांची मान खाली गेली. ते मी लपवून ठेवीत नाही. पदार्थ कमी केले की असा एखादा शब्द ऐकावा लागतो. चौथी पंगत उठली तेव्हा आणखी एक ट्रॅक्टर भरून माणसे आली. मावशीने पोते उसवावयास सांगितले. आमटीत आधण वाढले, तांदूळ धुवून पडला, आणि पाऊण तासात शेवटच्या पंगतीला गरम भात मिळाला. खीर तेवढी त्यांना अर्धी वाटी आली. मांडवातून कोणी उपाशी गेले नाही आणि सावकाराकडे कोणी गेले नाही.

चार वाजता मावशी जेवली. चुलीपाशी उभ्या उभ्या, पातेल्याच्या कडेची खरवड. मी तिला पाणी नेऊन दिले. तिला पाटावर बसवून जेवू घालावे हे आमच्या घरात कोणाला सुचले नाही. माझ्या आईला सुचले नाही आणि मलाही सुचले नाही.

वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. गिरणीने त्यांना परत घेतले नाही. साखर कारखान्याच्या हंगामात रोजंदारी करून त्यांनी मावशीचे पैसे दोन वर्षांत फेडले. मनिऑर्डरच्या पावत्या अजून माझ्याकडे आहेत.

अशा खानावळवाल्या बायका गिरणगावात हजारोंनी होत्या, आणि त्यांनाही कामगार म्हणावे हे पुष्कळ पुढाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते. प्रेमाताई पुरव यांच्या ध्यानात आले. त्यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेची कर्जे मिळवून दिली. तिकडे पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालाला पोटभर आणि परवडेल असे अन्न मिळावे, नफा नको आणि तोटाही नको, एवढा साधा हिशेब. संघटनेच्या कामाला लागल्यावर मी या दोन्ही कामांची माहिती मिळवून वाचली. आमची मावशी मंडळात नव्हती. परंतु हिशेब तोच होता.

असो. आता आजच्या लग्नांकडे येऊ.

जेवणाची आखणी पदार्थांपासून सुरू होते ही पहिली चूक. केटरर घरी येतो, छापील यादी पुढे ठेवतो, आणि घरातले लोक त्यावर खुणा करू लागतात. कोणी चाट म्हणतो, कोणी चायनीज म्हणतो; आमच्या एका कामगाराच्या मुलाच्या यादीत मी पास्त्याचा वेगळा टेबल पाहिला आणि वरपक्षाच्या निम्म्या माणसांनी तो शेवयांचा उपमा समजून घेतलेलाही पाहिला. आधी माणसे मोजावीत. जुन्या लोकांजवळ त्यासाठी नेमके शब्द होते. घरटी एक आमंत्रण निराळे आणि चूलबंद आमंत्रण निराळे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, पोराबाळांसह सगळे येणार. आता पत्रिकेवर सर्वांनाच 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेले असते. मोबाईलवर तीच पत्रिका हजारांना जाते, आणि मग केटररने विचारले की आपण हवेत बोट धरून आकडा सांगतो. पत्रिकांच्या यादीवरच प्रत्येक नावापुढे ए किंवा चू असे अक्षर मांडावे. एका रात्रीचे काम आहे, पण आकडा खरा निघतो. मग तो दिवस कोणता, परीक्षा आहेत काय, ऊसतोड चालू आहे काय, त्याच तिथीला गावात दुसरी किती लग्ने आहेत, हे पाहावे. 'ह्या साली मुंबई घरी आहे काय' याचाच हा आजचा अर्थ.

आणि हे आपल्याला येत नाही असे कोणी म्हणू नये. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या तालुक्यातून जाते. त्या दिवसांत आपण केवढ्या समुदायाला जेवू घालतो! त्याचा कंत्राटदार कोण? कोणी नाही. एक घर दहा पाने घेते, दुसरे पन्नास. आपल्या चुलीला किती झेपेल ते प्रत्येक घराला ठाऊक असते, आणि पिठले-भाकरीला कोणी नाव ठेवीत नाही. तेच घर लग्न काढते तेव्हा चुलीचे माप विसरते.

शंभर माणसांचा अंदाज म्हणून मी वहीत असा लिहून ठेवला आहे: पुरीसाठी आठ-नऊ किलो कणीक, सातआठ किलो तांदूळ, तीन किलो डाळ, दोन भाज्या असतील तर प्रत्येकी आठ ते दहा किलो, आणि गोड एक असेल तर आठ-दहा किलो. शेतावर राबणारी माणसे अधिक असतील तर भात वाढवावा, शहरातली अधिक असतील तर कमी करावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसरे गोड ठेवले म्हणजे पहिले निम्मे लागेल असे नाही. दोन्ही पाऊण पाऊण करावी लागतात, आणि दोन्हीतले थोडे थोडे उरते. तिसरे ठेवले की उरतेच उरते. बहुतेक पैसा पोटात जाण्याऐवजी या उरण्यात जातो. आणि एकपंचमांश तांदूळ कोरडा राखून ठेवावा, हे मावशीचे माप मी आजवर मोडलेले नाही. शिजविलेले परत पोत्यात भरता येत नाही.

उरलेल्या भाताविषयी बजावून सांगावयाचे आहे. पुष्कळ ठिकाणी अक्षता दुपारी पडतात आणि स्वागतसमारंभ रात्री असतो. दुपारचा भात झाकून ठेवून रात्री फोडणी देऊन वाढतात. शिजलेला भात कोमट अवस्थेत ढिगाने पडून राहिला तर त्यात जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. बासुंदी, पनीर, खवा यांचेही तसेच. वैशाखातल्या उन्हात गरम अन्न साठ अंशांच्या वर गरम तरी हवे, नाहीतर पाच अंशांखाली थंड तरी. मधले काही नको. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि अक्षता पडतात पावणेदोनला, कारण कोणी साहेब वाटेत असतात. त्या सव्वा तासात मागे पातेल्यांत काय होते याचा विचार भाषणे करणाऱ्यांनी करावा. केटररला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. तो पाहावयास मागावा. मागण्यात भीड कसली?

पंगत की बुफे, हा वाद मला प्रत्येक लग्नात ऐकावा लागतो. जुन्या पंगतीचे गोडवे गाणाऱ्यांना मी एक आठवण देतो. आमच्या आजोबांच्या काळात गावच्या लग्नात महारवाड्याची पंगत शेवटी, मांडवाच्या बाहेर बसे, आणि पानांवरचे उष्टे टोपलीत भरून दिले जाई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या गावातली ती टोपली कायमची बंद झाली. बुफेच्या रांगेत कोण कोणाच्या पुढे उभा आहे हे कोणी विचारीत नाही. हा बुफेचा मोठा उपकार आहे आणि तो मी मानतो. दोष असा की, पुन्हा रांगेत उभे राहावे लागेल या भीतीने माणूस पहिल्याच खेपेला ताट डोंगराएवढे भरतो. पंगतीत वाढपी थोडे थोडे तीनदा वाढतो, म्हणून पानावर कमी राहते. परंतु तिला वाढपी अधिक लागतात. आणि येथेच मी ज्यासाठी आलो त्या गोष्टीवर येतो.

जेवण किती माणसांचे, असे विचारले की यजमान पाहुण्यांचा आकडा सांगतो. मागच्या बाजूला उभ्या असलेल्यांना त्यात कोणी धरीत नाही. पाचशे पानांच्या कार्याला आचारी, मदतनीस, पुऱ्या लाटणाऱ्या बाया, वाढपी, भांडी घासणाऱ्या, सगळे मिळून तीसचाळीस माणसे राबतात. आदल्या संध्याकाळी येतात, कांद्याच्या पोत्यांवर डोके टेकून दोनतीन तास निजतात. काही वर्षांपूर्वी एका लग्नात उकळत्या आमटीचे पातेले उचलताना एका पोराचा पाय घोट्यापर्यंत भाजला. पुढे बँड वाजत होता. कंत्राटदाराने मलमापुरते पैसे दिले. यजमान माणूस वाईट नव्हता. मी दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हते, आणि ते कळवळले. परंतु त्या पोराचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, कंत्राटदारालाही नव्हते. किमान वेतनाचा कायदा या देशात १९४८ साली झाला. तो कार्यालयाच्या दर्शनी कमानीपर्यंत येत असे आणि मागच्या दाराने परत जात असे.

मी त्या वेळी आचारी-वाढप्यांची एक सभा बोलाविली. अकरा माणसे आली. दोघांनी, सभेनंतर जेवण आहे काय, असे विचारले. नव्हते. ही माझी चूक. तरीही त्या अकरांनी तीन मागण्या ठरविल्या: मजुरी आधी ठरावी आणि त्याच रात्री हातात मिळावी, बायांना रात्री घरी सोडण्यासाठी गाडी असावी, आणि पाहुण्यांच्या आधी आम्ही जेवू. यांतली तिसरी सर्वांत स्वस्त, आणि तीच मान्य करून घेणे सर्वांत अवघड गेले. कंत्राटदार म्हणाले, ही माणसे आधी बसली तर महागाचे पदार्थ संपवतील. यजमान म्हणाले, पाहुण्यांच्या आधी? रीतीला सोडून आहे. पहाटेपासून चुलीपाशी उभा असलेला माणूस उपाशीपोटी दुसऱ्याला आग्रह करून वाढतो, ही मात्र रीत!

आमच्या आसपासच्या कारखान्यांवर मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेऊन येतात आणि पुढच्या हंगामात ती अंगावर फेडतात. ती उचल कशासाठी घेतली असे मी पालावर बसून विचारले आहे. पुष्कळदा उत्तर मिळाले की, लग्नात जेवण घातले. म्हणजे कोणी तरी खाल्लेल्या पुरीसाठी ती बाई दुसऱ्या वर्षी पहाटे चारला मोळी बांधते. दुसऱ्या टोकाला, २०१३ च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या माणमध्ये चारा छावण्या उघडलेल्या असताना, कोकणात एका मंत्र्यांच्या घरची लग्ने अशी थाटात झाली की त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षांनी जाहीर नापसंती दाखविली. या दोन टोकांच्या मध्ये आपण सगळे आहोत.

सरकारने आकड्याला मर्यादा घालावी काय? जम्मू-काश्मीरमध्ये २०१७ साली पाहुण्यांच्या आणि पदार्थांच्या संख्येवर तसा हुकूम काढलाही होता. आणि साथीच्या काळात आपण हा प्रयोग अंगावर घेतलाच. २०२० साली लग्नाला ५० माणसे. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात २५ माणसे, तीही दोन तासांत, मोडल्यास ५० हजारांचा दंड. बरे झाले, खर्च वाचला, असे पुष्कळांनी म्हटले. मीही म्हटले. मग दोन गोष्टी दिसल्या. पुऱ्या लाटणाऱ्या बाया दोन उन्हाळे घरी बसल्या. माझ्या ओळखीच्या एका आचाऱ्याने पातेली मोडीत विकली. आणि पंचवीसच निवडावयाची झाली तेव्हा गळाले कोण? साहेब गळाले नाहीत, पुढारी गळाले नाहीत. गळाली ती विधवा आत्या, चुलत्याच्या घरची माणसे, आईच्या माहेरचे लोक. साथ होती, इलाज नव्हता. परंतु माणसे कापली की कोणती कापली जातात, ते मला त्या दोन वर्षांत कळले.

माझ्या मुलीचे लग्न त्यानंतर झाले. साडेचारशे माणूस. एक गोड, तेही खीरच. मुलीने स्वतः हट्ट धरला, तिला आत्याच्या लग्नाची गोष्ट पाठ आहे. पुरी, शाकभाजी, मसालेभात, मठ्ठा. पाच जिन्नस. पत्रावळी पळसाच्या. केटररच्या कागदावर मी पाहुण्यांच्या खाली एक ओळ लिहून घेतली: काम करणारी माणसे ३४, जेवण सकाळी साडेदहाला, बसून. त्याने ती ओळ दोनदा वाचली. साडेदहाला त्या चौतीस जणांची पंगत बसली आणि माझ्या पत्नीने व मी वाढले. व्याही लवकर आले होते. त्यांना काही कळेना, कोणत्या नातेवाइकांची पंगत म्हणून त्यांनी विचारले. मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने कोट काढून त्यांनी मठ्ठ्याचे भांडे हातात घेतले. एका चुलतभावाने मात्र संध्याकाळपर्यंत तोंड फिरविले होते. अजूनही तो पूर्ण बोलत नाही. कर्ज काढले नाही.

हिशेबाची वही मी बरोबर आणली आहे. ज्यांच्या घरी या महिन्यात कार्य असेल त्यांनी पत्रिकांची यादी घेऊन खाली यावे. अर्धा तास मी बसलेला आहे.